वरच्या मजल्यापर्यंत ५८ तास

बदलापूर गावात मे महिना उजाडला की आमच्या घरात एक काम ठरलेले असते. तळमजल्यावरचे जे जे भिजू नये ते वर न्यायचे. धान्याची पिंपे, गाद्या, मुलांची पुस्तके, शिलाई मशीन आणि कागदपत्रांची पत्र्याची पेटी. स्टेशनच्या बाजूला कुळगावात राहणारे पाहुणे कधी कधी हसतात. अजून आभाळात ढगसुद्धा नाही आणि तुमची पळापळ सुरू, असे म्हणतात. पण उल्हास नदीच्या बाजूला राहणाऱ्यांना २६ जुलै २००५ची आठवण करून द्यावी लागत नाही. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सगळ्या वर्तमानपत्रांत आले. इकडे आमच्या खोऱ्यात उल्हास फुगली आणि पाणी घरात शिरले. माणसे वाचली, अल्हम्दुलिल्लाह. पेटी मात्र पाण्याखाली गेली.

त्या पेटीत दादीचा निकाहनामा होता, घराचे खरेदीखत होते, अब्बांचा शाळा सोडल्याचा दाखला होता आणि लग्नकार्यांचे सगळे फोटो होते. कागद उन्हात वाळवले तेव्हा शाई एकमेकांत मिसळून गेली होती. खरेदीखताची प्रत सरकारी कचेरीतून पुन्हा काढता आली, दाखलाही मिळाला. फोटो मात्र कुठल्याच कचेरीत मिळत नाहीत.

पुढची काही वर्षे आम्ही नातेवाइकांच्या घरोघरी फिरलो. भिवंडीला, पनवेलला, पुण्याला. कोणाकडे आमच्या लग्नाचा एखादा फोटो, कोणाकडे जुने पत्र. ते स्कॅन करून घ्यायचे आणि घरच्या कॉम्प्युटरवर ठेवायचे. याच फिरण्यात भिवंडीला आपाच्या घरी दादांच्या ११ कॅसेट सापडल्या. आमचे दादा म्हणजे आजोबा. घराण्याची हकीगत, कोण कुठून आले, कोणाचे लग्न कोणाशी झाले, कोणत्या शेताला काय नाव होते, हे सगळे त्यांनी आपाच्या टेपरेकॉर्डरवर बोलून ठेवले होते. २०११ साली आम्ही त्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. कॅसेटवर बुरशी धरली होती. आता कॉम्प्युटरमध्ये आहे ना, म्हणून त्या टाकून दिल्या. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

जुलै २०१९मध्ये पुन्हा पाणी आले. २७ तारखेला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. तेव्हा आमचा थोरला मुलगा कॉम्प्युटरचा डबा खांद्यावर घेऊन जिना चढला होता. दर वर्षी हे करणे बरे नव्हे. हार्ड डिस्कला धक्के सोसत नाहीत. म्हणून या वर्षी ठरले की सगळ्या फाइलींची एक नक्कल वरच्या मजल्यावर चाचांच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवर कायमची ठेवायची. घरात वायफाय आहे, दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरला जोडलेले आहेत. मग डबा उचलायचा कशाला? फाइलीच वर पाठवू.

एकूण ४२० जीबी माल होता. रात्री जेवणे झाल्यावर नक्कल सुरू केली. पडद्यावर गती दिसू लागली, सेकंदाला २ एमबी. आम्ही कागदावर हिशेब केला. ५८ तास! जिना चढायला आम्हाला अर्धा मिनिट लागतो आणि त्याच घरात फाइलींना अडीच दिवस. पहाटे वीज गेली आणि नक्कल मध्येच तुटली.

प्रत्येकाचा सल्ला वेगळा

सकाळी चहाला सगळे जमले आणि ज्याने त्याने आपापला उपाय सांगितला. धाकटा म्हणाला, "अब्बा, राउटर जुना झाला, चार अँटेनावाला नवा घेऊ या." चाचा म्हणाले, "इंटरनेटचा प्लॅनच लहान आहे. मोठा घ्या." इंटरनेटचे बिल घ्यायला येणाऱ्या मुलालाही विचारले. तो म्हणाला, "चाचा, ३००चा प्लॅन घ्या, सगळं पळेल."

कॉम्प्युटरचे शिक्षण घेणारी आमची लेक तेवढी गप्प होती. शेवटी ती म्हणाली, "चाचाजान, फाइल घराबाहेर जातच नाही. तळमजल्यावरून राउटरला आणि राउटरवरून वर. इंटरनेटची वायर काढून टाकली तरी नक्कल चालू राहील. मग प्लॅनचा काय संबंध?"

आम्ही खरोखरच बाहेरून येणारी वायर काढून पाहिली. नक्कल तशीच चालू राहिली, त्याच रडतखडत गतीने. दरमहा वाढणारे बिल तिथेच वाचले. घरातल्या घरात फाइली पाठवण्याची गती आणि इंटरनेटची गती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्यासारख्या पुष्कळ घरांत ठाऊक नसते.

दुसरा घोळ आकड्यांचा. राउटरच्या खोक्यावर आणि प्लॅनच्या जाहिरातीत जो आकडा असतो तो मेगाबिटचा असतो. नक्कल करताना पडद्यावर दिसतो तो मेगाबाइटचा. ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणजे १०० मेगाबिटच्या वायरीतून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट जाऊ शकतात आणि पत्ते, पोच वगैरेचा खर्च वजा जाता हाती ११च्या आसपास पडतात. १००० मेगाबिटच्या म्हणजे गिगाबिट वायरीतून ११०च्या आसपास. हा हिशेब माहीत नसेल तर "१००चे कनेक्शन आणि ११च मिळतात, फसवले" असे वाटते. फसवलेले नसते, मापच वेगळे असते.

दादी इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "अरे, पण अडतंय कुठं ते बघितलं का कुणी?"

कोणीच बघितले नव्हते.

कल्याणपुढचे दोन रूळ

बदलापूरकरांना हे समजावून सांगायला फार कष्ट नकोत. मुंबईहून कल्याणपर्यंत जलद गाड्यांना वेगळे रूळ आणि धिम्या गाड्यांना वेगळे. कल्याण सोडून कर्जतच्या दिशेला वळले की वर्षानुवर्षे सगळ्यांसाठी दोनच रूळ, एक जायला आणि एक यायला. कल्याणपर्यंत गाडी कितीही वेगाने आली तरी पुढे मालगाडी आडवी आली की सगळे खोळंबले. फाइलीचा प्रवासही असाच. ती डिस्कवरून निघते, कॉम्प्युटरच्या जोडणीतून वायरीत किंवा हवेत येते, राउटरमधून जाते, पुन्हा वायर किंवा हवा, दुसरा कॉम्प्युटर आणि शेवटी दुसरी डिस्क. या सात-आठ टप्प्यांत जो सर्वांत अरुंद, त्याचीच गती सगळ्या प्रवासाला मिळते. दुसरा कुठलाही टप्पा रुंद केला तर पैसे जातात आणि गती तीच राहते.

लेकीने वहीचे एक पान फाडले आणि टप्पे लिहून काढले. ठरले ते असे. एका वेळी एकच बदल करायचा. प्रत्येक बदलानंतर तीच एक मोठी फाइल पाठवायची, भाच्याच्या लग्नाच्या व्हिडिओची, आणि आकडा लिहायचा. दोन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

हवा

पहिला टप्पा वायफायचा. आमचे दोन्ही कॉम्प्युटर वायफायवर होते. तळमजल्यावरचा कॉम्प्युटर हवेतून राउटरला फाइल देतो आणि तोच राउटर तीच फाइल पुन्हा हवेतून वर पाठवतो. हवा एकच. एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे. म्हणजे प्रत्येक फाइल दोनदा हवेतून जाते आणि गती निम्मी होते.

शिवाय आमचा राउटर २.४ गिगाहर्ट्झवर चालत होता. ही लहर भिंतीतून बरी जाते, पण तिच्यावर गर्दी फार. एकमेकांना न धडकणारे असे तिचे तीनच मार्ग, १, ६ आणि ११. आजूबाजूच्या इमारतींतले सगळे राउटर त्याच तीन मार्गांवर. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीवर जागा जास्त आणि गतीही जास्त, पण सिमेंटचा स्लॅब तिला जड जातो. राउटरच्याच खोलीत असाल तर ५ निवडावी. आमच्यासारखा मध्ये स्लॅब असेल तर करून पाहावे आणि आकडा पाहून ठरवावे.

राउटर तळमजल्यावरच्या हॉलमध्येच आहे. तिथला कॉम्प्युटर दोन मीटरच्या वायरीने राउटरला जोडला. वरचा वायफायवरच ठेवला. आकडा २ वरून ५ वर आला. एका वायरीने इतका फरक! तरीही ४२० जीबीला २३ तास लागले असते.

वायर

वरच्या मजल्यापर्यंत एक जुनी लॅन केबल आधीच गेलेली होती. चाचांनी कधी काळी टाकून घेतलेली आणि मग वायफाय आल्यावर विसरलेली. ती जोडली. आकडा ११. आणि तिथेच थांबला. मोठी फाइल असो, सकाळ असो, रात्र असो, अकराच्या वर जायला तयार नाही.

वाचकहो, गती अशी बरोबर ११ला येऊन बसली की समजावे, कुठे तरी १०० मेगाबिटचा टप्पा आहे. वरखाली होणारी गती हवेची असते, एका जागी ठोकून बसलेली गती बहुधा वायरीची किंवा सॉकेटची असते.

लॅन केबलच्या पोटात तारांच्या चार जोड्या असतात. नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. १०० मेगाबिटला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात. गिगाबिटला चारही लागतात. एक जरी तार तुटली किंवा क्रिम्पिंग करताना नीट बसली नाही तर बहुतेक यंत्रे तक्रार न करता १०० वर उतरतात. वायर "चालू" असते, दिवा लागतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या पानावर लिंक स्पीड लिहिलेला असतो. तिथे १०० दिसले की वायर तपासायची.

आमची केबल बाहेरच्या भिंतीवरून पावसाच्या पाइपाशेजारून गेलेली. उन्हाने तिचे आवरण तडकले होते आणि टोकाला तपकिरी जोडी उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती. टोक कापून नवा कनेक्टर बसवला. दुकानातून क्रिम्पिंगचा पाना एका दिवसासाठी मागून आणला. मोठ्या उत्साहाने फाइल पाठवली.

आकडा ११.

धाकटा म्हणाला, "बघा, राउटरच बदलायला हवा होता." घरात थोडी बोलाचाली झाली. लेक म्हणाली, "वायर खराब होतीच. पण तिच्या पुढे आणखी एक अडथळा असू शकतो."

सॉकेट

तिने राउटर उलटा करून पाहिला. मागे चार सॉकेट. त्यांपैकी एकावरच गिगाबिटची खूण, बाकी तीन १०० मेगाबिटची. इंटरनेट जोडणीबरोबर मिळणाऱ्या स्वस्तातल्या राउटरमध्ये असे पुष्कळदा असते. राउटर बिघडलेला नव्हता, तो तसाच बनवलेला होता. दोन दोष एकामागे एक उभे होते आणि पहिला दूर केला तरी दुसऱ्यामुळे आकडा हलला नव्हता. इथे कंटाळून आम्ही थांबलो असतो तर वायर दुरुस्त करून काही उपयोग झाला नाही, असेच म्हणत राहिलो असतो.

नवा राउटर घ्यायची गरज नव्हती. उल्हासनगरच्या बाजारातून पाच सॉकेटचा छोटा गिगाबिट स्विच आणला, हजार-बाराशे रुपयांत. दोन्ही कॉम्प्युटर त्यात जोडले आणि एक वायर स्विचमधून राउटरला. आता घरातल्या फाइली राउटरच्या वाटेला जातच नाहीत, स्विचमधूनच वर जातात. लिंक स्पीड १०००. आकडा ३३.

अकराचे तेहतीस झाले. पण गिगाबिटला शंभराच्या पुढे जायला हवे होते.

डिस्क

चाचांच्या कॉम्प्युटरला बाहेरची डिस्क पुढच्या बाजूच्या यूएसबी खाचेत लावलेली होती. ती खाच यूएसबी २ची. तिच्यातून प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० एमबीच जातात. मागच्या बाजूला निळ्या रंगाच्या खाचा होत्या, यूएसबी ३च्या. डिस्क तिथे लावली. आकडा ७०. एक पैसा खर्च नाही, फक्त वायर पुढून मागे.

सत्तरवर आम्ही समाधान मानले. २०११ सालच्या आमच्या डिस्कची वाचण्याची गतीच तेवढी. आता ४२० जीबीला १ तास ४० मिनिटे. कुठे ५८ तास!

एक गोष्ट आणखी दिसली. लग्नाचा व्हिडिओ सत्तरने जात होता, पण छोट्या फोटोंचा फोल्डर ९ने. कारण प्रत्येक फाइलीमागे कॉम्प्युटरला कारकुनी करावी लागते. नाव लिहा, जागा शोधा, उघडा, बंद करा. हजार चिठ्ठ्या एकेक करून पोचवणे आणि एका पाकिटात घालून पोचवणे यात जो फरक, तोच इथे. छोट्या फाइली पुष्कळ असतील तर त्यांची एक झिप फाइल करून पाठवावी. विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची सोय आधीपासून असते, ती एका वेळी अनेक फाइली नेते आणि वीज गेली तरी पुन्हा सुरू केल्यावर झालेल्या फाइली सोडून पुढच्या घेते. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर वीज जाते, म्हणून हे फार उपयोगी पडले.

टक टक

तिसऱ्या दिवशी दुपारी खरी नक्कल सुरू केली. तासाभराने आकडा सत्तरवरून एकदम खाली आला. चाळीस, आठ, एक, शून्य. मग पुन्हा एक. आम्हाला वाटले, पुन्हा वायर. लिंक स्पीड पाहिला, १०००. मग लेकीने टास्क मॅनेजर उघडला. डिस्क १०० टक्के कामात आणि गती जवळजवळ शून्य. म्हणजे वाट मोकळी होती, मालच कोठीतून निघत नव्हता.

तेवढ्यात अम्मी म्हणाल्या, "पंखा बंद करा बरं जरा." पंखा बंद केला आणि सगळ्यांना ऐकू आले. कॉम्प्युटरच्या डब्यातून टक, टक, टक. थांबून थांबून, जणू कोणी आतून नखाने वाजवत होते.

तीन दिवस आम्ही वायरी, सॉकेट आणि लहरी तपासत होतो. तीन दिवस चाचणी म्हणून त्याच जुन्या डिस्कवरून तीच फाइल पुन्हा पुन्हा ओढत होतो. आणि डिस्क मरणाला टेकली होती. तिच्या प्रकृतीचा अहवाल पाहिला तेव्हा खराब झालेल्या जागांचा आकडा लाल रंगात होता. हा अहवाल प्रत्येक डिस्क स्वतःविषयी ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात, आणि तो वाचून दाखवणारे फुकट प्रोग्राम मिळतात. पाहायला दोन मिनिटे लागतात. आम्ही तो पहिल्या दिवशी पाहिला नाही.

धाकटा म्हणाला, "दुरुस्तीचा प्रोग्राम चालवू?" लेकीने त्याचा हात धरला. मरू घातलेल्या डिस्कवर दुरुस्ती, सफाई, डीफ्रॅग यांतले काहीही चालवू नये. त्यात डिस्कला सबंध फिरावे लागते आणि उरलासुरला जीव तिथेच जातो. जे काढायचे ते आधी काढून घ्यायचे.

काय आधी काढायचे, यावर पुन्हा चर्चा सुरू झाली. कोणी लग्नाचे व्हिडिओ म्हणाले, कोणी कागदपत्रे. दादी उठून कॉम्प्युटरशेजारी येऊन बसल्या. "त्यांचा आवाज आधी वर न्या," त्या म्हणाल्या. "गती बिती नंतर बघा."

नक्कल थांबवली. कॅसेटवरून उतरवलेल्या फाइलींचा फोल्डर लहान होता, सगळा मिळून ६ जीबी. तो एका पेन ड्राइव्हवर घेतला. नेटवर्क नाही, स्विच नाही, काही नाही. ११ कॅसेटच्या २२ बाजू. एकेक फाइल नावाने. काही लगेच आल्या, काहींना दहा-दहा मिनिटे लागली. दादी प्रत्येक फाइलीनंतर विचारत होत्या, "आली?" मगरिबच्या अजानपर्यंत २१ आल्या. सातव्या कॅसेटची दुसरी बाजू आली नाही. तीनदा प्रयत्न केला, चौथ्यांदा करायची हिंमत झाली नाही.

त्या बाजूवर काय होते ते दादींना ठाऊक होते. दादांनी आपल्या आईविषयी बोललेले होते, असे त्या म्हणाल्या. मूळ कॅसेट असती तर पुन्हा उतरवता आली असती. पण कॅसेट आम्ही २०११ साली टाकून दिल्या होत्या. आता कॉम्प्युटरमध्ये आहे ना, म्हणून.

त्यानंतर कागदपत्रे घेतली, मग फोटो, शेवटी व्हिडिओ. रात्री उशिरापर्यंत बसून बहुतेक सगळे वर पोचले. काही फोटो उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी डिस्कने ओळख देणे बंद केले. दादांच्या त्या एका बाजूसाठी ती डिस्क अजून जपून ठेवली आहे. अशा डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या प्रयोगशाळा असतात, खर्च मोठा असतो. पैसे जमले की तेही करून पाहू, इन्शाअल्लाह.

आपल्या घरी करायचे असेल तर

आमच्या चुकीचा क्रम आपण उलटा करावा. सर्वांत आधी डिस्कची तब्येत पाहावी. डिस्क चार-पाच वर्षांहून जुनी असेल, आवाज करीत असेल किंवा फोल्डर उघडायला वेळ लावत असेल तर गतीच्या मागे लागू नये. जे गेले तर पुन्हा मिळणार नाही ते पेन ड्राइव्हवर आधी घ्यावे, गती कितीही कमी असो.

डिस्क धडधाकट निघाली तर मग वाट तपासावी. एक मोठी फाइल निवडा आणि वहीत आकडा लिहा. निदान एक कॉम्प्युटर वायरीने जोडा, जमल्यास दोन्ही. लिंक स्पीड पाहा. १०० दिसला तर वायर आणि राउटरचे सॉकेट दोन्ही तपासा. बाहेरची डिस्क निळ्या खाचेत लावा. छोट्या फाइलींची गाठोडी बांधा. हे सगळे झाल्यावरही गती पुरेशी नसेल, तेव्हाच नवीन वस्तू विकत घ्यायचा विचार करा.

वायर टाकताना विजेच्या तारांच्या पाइपातून लॅन केबल नेऊ नये. केबल शुद्ध तांब्याची घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल बाजारात मिळते, ती लवकर तुटते. भिंतीच्या बाहेरून न्यायची तर बाहेरच्या हवेसाठी बनवलेलीच घ्यावी. दोन वेगळ्या इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल ताणू नये. आमच्याकडे पावसाळ्याच्या सुरुवातीला विजा पडतात आणि तांब्याची तार तो झटका घरातल्या यंत्रांपर्यंत आणते. तिथे काचेच्या तंतूची म्हणजे फायबरची वायर बरी, तिच्यातून वीज वाहत नाही.

घरातल्या स्त्रियांचे फोटो, घराचे कागद अशा खासगी गोष्टी नेटवर्कवर ठेवताना एक काळजी घ्यावी. गती वाढवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करा, फोल्डर सर्वांसाठी खुला करा, जुनी शेअरिंग पद्धत चालू करा, असे सल्ले मिळतात. ते मानू नयेत. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातले कॉम्प्युटर याच जुन्या पद्धतीतल्या एका खोटीमुळे बंद पाडले होते. फोल्डर फक्त घरच्यांच्या नावाने आणि पासवर्ड लावून खुला करावा. पाहुण्यांसाठी राउटरमध्ये वेगळे गेस्ट वायफाय असते, ते द्यावे.

नक्कल पूर्ण झाली असे पडद्यावर आले म्हणून थांबू नये. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण जागा जुळवावी. मधूनमधून दहा-बारा फाइली उघडून पाहाव्यात, आवाज ऐकावा.

आणि एक नक्कल पुरत नाही. छायाचित्रकारांमध्ये एक नियम रूढ आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आमच्याकडे आता एक तळमजल्यावरच्या नव्या डिस्कवर आहे, एक वर चाचांकडे, आणि दादांच्या आवाजाचा पेन ड्राइव्ह भिवंडीला आपाच्या कपाटात. आपाने तो त्याच फळीवर ठेवला आहे जिथे पूर्वी कॅसेटचा डबा असे. मूळ कागद आणि मूळ फोटो जे हाती आहेत ते टाकायचे नाहीत, हेही घरात ठरले आहे.

मेअखेर पेटी, पिंपे आणि गाद्या नेहमीप्रमाणे वर गेल्या. कॉम्प्युटर या वर्षी उचलावा लागला नाही. दादी आता वरच्या मजल्यावरच असतात, गुडघ्यांमुळे पावसाळ्यात जिना नको म्हणून. दुपारी त्या चाचांना सांगून एखादी फाइल लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. परवा सहावी कॅसेट संपल्यावर आठवी लागली. दादींनी हाताने थांबायची खूण केली. म्हणाल्या, "मधली मी सांगते. लिहून घ्या कुणीतरी." लेकीने वही उघडली.